झुंबरनं शिळं नेट वाटलं

कुसळंबवाडी नावाचं एक गाव. तिथं पाणी सोडायच्या कामावर एक भोळा माणूस होता. त्याचं नाव झुंबर. आज वरच्या आळीला पाणी, उद्या खालच्या, परवा मधल्या. चावी फिरवायची आणि घड्याळ बघायचं. ह्या कामात तो कधी चुकला नाही, कारण ह्या कामात कुणाशी बोलावं लागत नाही.

घरात त्याची आई कौसाबाई, बायको सगुणा आणि दोन वर्षांची ओवी.

सगुणा शेजारच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. चार किलोमीटर जायचं, चार यायचं, आणि पोर कडेवर. उन्हानं पोरीचं डोकं तापायचं. सगुणा दर थोड्या वेळानं थांबायची, तिच्या कपाळाला हात लावायची, पदर पुढं ओढायची, पुन्हा चालायची.

गावात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून घरोघरी वायफायची पेटी आली. झुंबरच्या घरीही आली. केबलवाला वैजिनाथ म्हणाला, "महिन्याला शंभर जीबी. संपले की नेट गोगलगाय होतं. एक तारखेला परत शंभर."

झुंबरनं विचारलं, "टाकी कुठं बसवली?"

"टाकी नसते, झुंबरभाऊ."

"मग शंभर राहतात कुठं?"

वैजिनाथनं पिशवी उचलली आणि तो गेला.

पेटी आली आणि घरातल्या दोघीजणी कामाला लागल्या. कौसाबाई टीव्हीवर मालिका बघू लागल्या. मालिका नेट पिते, म्हशीनं हौद प्यावा तशी. सगुणा मोबाईलवर ट्रॅक्टरच्या शर्यतीचा गेम खेळू लागली. तिचा गेम खेळताना फार नेट खात नाही. पण मधूनच म्हणतो, आता माझा नवा भाग उतरवा, नाहीतर मी चालत नाही. आणि तो नवा भाग एका दमात आठ-दहा जीबी गिळतो.

सगुणाचा हात चांगला होता. अंगणवाडीत बावीस पोरं सांभाळणाऱ्या बाईला एक ट्रॅक्टर काय जड? तिनं गल्लीतल्यांना हरवलं, मग तालुक्याला हरवलं. बघता बघता ती राज्याच्या स्पर्धेत शेवटच्या दोघांत पोचली. समोर साताऱ्याचा एक मास्तर होता. शर्यत महिन्याच्या तीस तारखेला, रविवारी दुपारी चार वाजता. पहिलं बक्षीस विजेवर चालणारी स्कूटर.

सगुणानं ओवीला छातीशी धरून सांगितलं, "आता तुझं डोकं नाही गं तापणार."

आणि वीस तारखेला तिनं पेटीचा हिशेब बघितला. शंभरातले तीसच उरले होते.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिनं नवऱ्याला बजावलं, "अहो, नेट जपायचंय. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. कुणी कितीही गोड बोललं तरी नाही."

"बरं," झुंबर म्हणाला.

ती गेली आणि वैजिनाथ आला. घामानं भिजलेला. म्हणाला, "झुंबरभाऊ, आज कंपनीनं सगळ्यांना वीस जीबी फुकट दिलेत. आजच्यापुरतेच आहेत. पासवर्ड सांगा, पेटीत टाकून देतो."

झुंबरनं त्याच्याकडे निरखून बघितलं. "तू गोड बोलतोयस."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगणार."

"अहो, पेटी मीच बसवली! पासवर्ड पहिला मीच टाकला होता!"

"मग तुला ठाऊक असेल."

"वहिनींनी बदललाय ना!"

"तुलाच कळू नये म्हणून बदलला असणार," झुंबर म्हणाला, आणि दाराला कडी घातली.

संध्याकाळी सगुणाला हे कळलं. ती चपला न काढताच उंबऱ्यावर बसली. "अहो, तो द्यायला आला होता हो, घ्यायला नाही! वीस जीबी गेले. उन्हातान्हातून दमून माणूस दारात येतो. त्याला बसवावं, पाणी द्यावं, विचारील ते सांगावं."

"असं होय! मग आधी सांगायचं. आता नाही चुकणार."

तीन दिवसांनी घरासमोर लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो पंक्चर झाला. चाळीस माणसं खाली उतरली. फेटे घामानं ओले, बायका दमलेल्या, नवरदेव तर पायरीवरच टेकला. झुंबरनं बघितलं. दारात आलेत. उन्हातून आलेत. दमलेले आहेत. त्यानं सतरंजी टाकली, तांब्या भरून आणला.

एका पोक्त करवलीनं विचारलं, "दादा, इथं वायफाय आहे का हो?"

"आहे की."

"पासवर्ड काय?"

झुंबरनं सांगितला. मग त्याच्या मनात आलं, चाळीस माणसं, चाळीसदा कोण सांगणार. त्यानं ओवीचा खडू घेतला आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकला.

दोन तास चाक निघेना. टेम्पोवाल्याकडे जॅकच नव्हता. चाळीस माणसं चाळीस मोबाईल घेऊन बसली. कुणी तमाशा बघितला, कुणी क्रिकेट, कुणी पुऱ्या फुगत का नाहीत ते बघितलं. नवरदेवानं तर स्वतःच्याच हळदीचा व्हिडिओ तीनदा लावला. जाताना सगळ्यांनी झुंबरला आहेराची टोपी घातली.

सगुणा आली. तिनं दार वाचलं.

"किती राहिले?" कौसाबाईंनी आतून विचारलं.

"अठरा," सगुणा म्हणाली. तिनं पदरानं दार पुसलं. मग नवऱ्याला समोर बसवलं आणि ओवीला समजावते तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "दारात अशी गर्दी जमली ना, की सरळ पेटीकडे जायचं. आणि बटण बंद करायचं. कळलं?"

"कळलं की. गर्दी दिसली, बटण बंद. आता नाही चुकणार." त्याच्या डोक्यावर टोपी तशीच होती.

पंचवीस तारखेला सुरतेला कौसाबाईंच्या नातवाचं बारसं होतं. म्हणजे झुंबरच्या बहिणीचा मुलगा. एवढ्या लांब जाणं कुणाला जमलं नाही, म्हणून बहिणीनं सांगितलं, टीव्हीवर थेट दाखवते. सगुणानं एक तासाचं नेट मोजून दिलं. सासूबाईंचा पहिला नातू, नाही कसं म्हणणार? भावकीतल्या पंधरा बायका नटूनथटून टीव्हीसमोर बसल्या. कुणी कुंची आणली होती. ती टीव्हीला दाखवून झाली.

तिकडे पाळणा हलला. बाळाची आत्या त्याच्या कानाशी वाकली. कौसाबाई पुढं सरकल्या.

झुंबर पाणी सोडून घरी आला. दारात चपलांचा ढीग. आत डोक्याला डोकं. गर्दीच गर्दी.

त्यानं कुणालाही धक्का न लावता पेटी गाठली आणि बटण बंद केलं.

टीव्ही काळा पडला. पंधरा बायका एकदम ओरडल्या. कौसाबाई उठल्या. "झुंबऱ्या! मेल्या, नाव काय ठेवलं माझ्या नातवाचं?"

"मला काय माहीत? मी आत्ताच आलो."

मग पुन्हा जुळवाजुळव झाली. तोवर तिकडचं जेवण सुरू झालं होतं. बहिणीनं तीन तासांचा सगळा सोहळा चित्रित करून पाठवला, आणि नाव कुठं आहे ते सापडेना, म्हणून कौसाबाईंनी तो सगळा बघितला. मग पाळणा पुन्हा बघितला. शेवटी कळलं, नाव ठेवलं होतं विहान. कौसाबाई म्हणाल्या, "एवढंच?"

नेट राहिलं दहा जीबी.

ह्या वेळी कौसाबाईंनीच मुलाचा कान धरला. "कार्यक्रम चालू असताना मधे बंद करतात का रे, दगडा? एकदा सुरू झालं की शेवटापर्यंत हात लावायचा नाही!"

"कशालाच नाही?"

"कशालाच नाही!"

"मग आधी सांगायचं ना, आई."

सत्तावीस तारखेला ओवीला सर्दी झाली. सगुणानं तिला घरीच ठेवलं. पोरीचं नाक वाजत होतं. सगुणाचा पाय दारातून निघेना. वाफ कशी द्यायची, औषध किती द्यायचं, छातीला काय लावायचं, सगळं दोनदा सांगून झालं. टीव्हीचं सांगायचं तेवढं राहिलं.

कौसाबाई डाळ निवडायला शेजारी गेल्या. ओवीनं टीव्हीचं बटण दाबलं. एका सशाचं कार्टून लागलं. ससा गाजर शोधत होता. त्याला गाजर सापडायच्या आधीच ओवी झुंबरच्या मांडीवर झोपली.

झुंबरनं टीव्हीकडे बघितलं. सुरू झालंय. शेवटापर्यंत हात लावायचा नाही. तो शेवटाची वाट बघत बसला.

सशाला गाजर सापडलं. झुंबर उठणार, तेवढ्यात दुसरं लागलं. आता ससा विहिरीत पडला. तो वर आला, तर तिसरं लागलं. मग चौथं. ओवी उठली, जेवली, औषध प्याली, वाफ घेतली, पुन्हा झोपली. ससा शाळेत गेला, चंद्रावर गेला, त्याचं लग्न झालं, आणि लगेच तो पुन्हा लहान होऊन गाजर शोधायला लागला. झुंबरनं टीव्हीला हात लावला नाही.

संध्याकाळी सगुणा आली. ओवी शेजारी कौसाबाईंजवळ खेळत होती. घरात टीव्ही आणि झुंबर दोघंच.

"हे कधीपासून चालू आहे?"

"सकाळी दहापासून. अगं, ह्याचा शेवट कधी येतो?"

"त्याला शेवट नसतो हो," सगुणा म्हणाली. तिनं टीव्ही बंद केला. "ते आपोआप पुढचं लावत राहतं."

"मग हे आईला सांग. मला वाटलं, आता येईल, मग येईल."

नेट राहिलं चार जीबी.

सगुणा चिडली नाही. ती शेजारी गेली, ओवीच्या कपाळाला हात लावला, आणि तिला घरी आणून मांडीवर घेऊन बसली. मागोमाग आलेल्या कौसाबाईंनी सुनेचा चेहरा बघितला. त्यांनी आपल्या जुन्या पातळाची घडी काढली आणि टीव्हीवर टाकली. "रविवारपर्यंत मालिका बंद. नायिकेला विष घातलंय, पण ती जगेल तोवर. तू स्कूटर आण."

"आत्या, तुम्हाला करमेल का?"

"मी झुंबऱ्याकडे बघत बसते. हीसुद्धा मालिकाच आहे, ह्याला पण शेवट नाही."

शुक्रवार गेला. शनिवार गेला. चारचे चार जीबी राहिले. शर्यतीला तेवढं भरपूर होतं.

रविवार उजाडला. सगुणाला बसवेना. चार वाजायला फार अवकाश होता. कौसाबाई म्हणाल्या, "चल, बाजार करून येऊ. घरात राहिलीस तर त्या पेटीकडे बघून बघून तिला दृष्ट लागेल." दोघी ओवीला घेऊन आठवडी बाजाराला गेल्या. जाताना सगुणा म्हणाली, "अहो, आज टीव्हीला हात नाही, बटणाला हात नाही. पेटीकडे फक्त लक्ष ठेवा."

झुंबर पेटीसमोर पाट टाकून लक्ष ठेवत बसला.

अकराच्या सुमारास वैजिनाथ रस्त्यानं चालला होता. दारातून त्यानं हाक मारली. "काय झुंबरभाऊ, आज पेटीची पूजा का?"

"लक्ष ठेवतोय. चार जीबी उरलेत."

"उद्या एक तारीख. नवे शंभर येतील."

"आणि हे चार?"

"हे गेले. जुनं पुढं जमा होत नाही." एवढं बोलून तो निघून गेला.

झुंबर विचारात पडला. दुसऱ्या कशातलं नाही, पण ह्यातलं त्याला कळत होतं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. उद्या नळाला ताजं पाणी येणार असलं की आज हंड्यातलं शिळं पाणी ठेवत नाहीत. हंडा रिकामा करायचा, घासायचा, पालथा घालायचा. आणि शिळं पाणीही कुणी नुसतं गटारात ओतत नाही. तुळशीला घालतात, कुणाच्या गुरांना पाजतात, कुणाच्या उपयोगी पडेल असं बघतात.

सगुणा बिचारी कामाच्या नादात विसरली असणार.

तो ओट्यावर आला आणि पाणी सोडताना देतो तशी आरोळी दिली. "नेट घ्या होऽ नेट! शिळं आहे पण चांगलं आहे! उद्या ताजं येणार आहे!"

मधल्या आळीतली माणसं मोबाईल घेऊन धावली. त्यानं रांग लावली. म्हाताऱ्यांना आधी, लेकुरवाळ्यांना नंतर, बाकीच्यांना शेवटी. भांडण होऊ दिलं नाही. शेजारची इंदुवहिनी म्हणाली, "भावजी, थोडं तुमच्यासाठी ठेवा की."

"शिळं आम्ही ठेवत नाही, वहिनी."

अडीच वाजता पेटी रिकामी झाली. झुंबरनं ओल्या फडक्यानं ती पुसली आणि कट्ट्यावर पालथी घालून ठेवली.

तीन वाजता सगुणा घरी आली. तिनं पालथी पेटी बघितली. काय झालं ते झुंबरनं मोठ्या समाधानानं सांगितलं. सगुणाच्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली आणि कांदे घरभर पळाले.

तिनं गेम लावून बघितला. ट्रॅक्टर नुसता थरथरत होता. नेट गोगलगाय झालं होतं. पेटी आल्यापासून तिनं मोबाईलला पॅकही मारलं नव्हतं.

तेव्हा कौसाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि आपला मोबाईल काढला. "ह्यात आहे का बघ गं काही. सुरतेहून लेक पॅक मारते. मी नुसतं बोलते त्यावर, बाजाराला गेले की."

सगुणानं बघितलं. दीड जीबी! अख्खं कोरं! पण रेंज? ती मोबाईल घेऊन घरभर फिरली. खिडकीत नाही, ओट्यावर नाही, माळ्यावर नाही. शेवटी मोरीजवळ जमिनीत अर्धा पुरलेला पाण्याचा रांजण होता, त्याच्या झाकणावर मोबाईल ठेवला आणि रेंजच्या तीन काड्या उभ्या राहिल्या. तिथून नेट सगुणाच्या मोबाईलवर आलं. ट्रॅक्टरची थरथर थांबली.

पावणेचार झाले होते. सगुणानं नवऱ्याला रांजणासमोरच्या भिंतीला टेकवून बसवलं. हात जोडले. "आता एकच करा. काहीच करू नका. उठायचं नाही, बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. शर्यत संपेपर्यंत काहीही होवो, तुम्ही काहीच करायचं नाही. देवाची शपथ आहे."

"हे सोपं आहे," झुंबर म्हणाला.

चार वाजले. शर्यत सुटली. सगुणा पुढच्या खोलीत पाटावर बसली होती, मागं कौसाबाई, दारात मधली आळी. तिनं ट्रॅक्टर असा काढला, की पहिल्याच वळणावर साताऱ्याचे मास्तर धुळीत दिसेनासे झाले. "डाव्या अंगानं घे!" कौसाबाई ओरडल्या. ओढा गेला, पूल गेला, उसाच्या गाड्या गेल्या. मास्तर एक अख्खं शेत मागं राहिले. समोर निशाण दिसायला लागलं. इंदुवहिनी रडायलाच लागली. शिळ्या नेटात तिचाही वाटा होता.

आत ओवीला तहान लागली.

ती दुडुदुडु चालत रांजणाशी आली. झाकणाला दोन्ही हात लावले. मोबाईल एका बाजूला सरकला. ओवीनं बापाकडे बघितलं. बापानं ओवीकडे बघितलं. तो काहीच बोलला नाही. ओवीनं झाकण आणखी उचललं. मोबाईल कडेला आला. झुंबरच्या कपाळावर घाम फुटला, पण शपथ म्हणजे शपथ. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बुडुक.

निशाण दहा हातांवर होतं. सगुणाचा ट्रॅक्टर तिथंच उभा राहिला. मागून साताऱ्याचे मास्तर आले, सावकाश, पान खात आल्यासारखे, आणि पुढं निघून गेले.

सगुणा धावत आत आली. आधी तिनं ओवीला उचललं, चाचपून बघितलं, कोरडी आहे का, घाबरली आहे का. पोर हसत होती. मग तिनं रांजणात वाकून बघितलं. तळाशी मोबाईलचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

"अहो, तुम्ही इथंच होता ना!"

झुंबर गप्प.

"दिसत होतं ना तुम्हाला?"

झुंबर गप्प.

"बोला की आता! संपली शर्यत!"

"संपली?" त्यानं श्वास सोडला आणि मांडीखालचे हात काढले. मुंग्या आलेले हात झाडत तो आनंदानं म्हणाला, "बघ सगुणे, ह्या वेळी एक पण चूक नाही केली!"

आठ दिवसांनी दुसरं बक्षीस घरी आलं. खोकं उघडलं. आत हेल्मेट होतं. लाल, चकचकीत, पुढं काच असलेलं.

कौसाबाईंनी खोक्यात पुन्हा हात घालून बघितलं. "आणि गाडी?"

"गाडी मास्तरांना गेली, आत्या," सगुणा म्हणाली. हसावं का रडावं तिला कळेना. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "नेटही तुम्ही वाटलं, मोबाईलही बुडवलात. आता उद्यापासून तुम्हीच व्हा माझी स्कूटर!"

"बरं," झुंबर म्हणाला.

सकाळी सगुणा आवरून बाहेर आली, तर ओवीला खांद्यावर बसवून झुंबर दारात तयार उभा. त्यानं हेल्मेट सगुणाच्या डोक्यावर घातलं, पट्टा लावला, तोंडानं दोनदा पीं पीं केलं आणि निघाला. ओवीवर छत्री धरली होती. वळण आलं की हात बाहेर काढायचा, खड्डा आला की सावकाश जायचा. सगुणा हेल्मेट घालून मागून चालली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिची कंबर मोकळी होती. हात कुठं ठेवावेत तेच तिला सुचेना. वाटेतले लोक हसत होते, ती काचेआड हसत होती. तिला वाटलं, बरं झालं, जन्मात एकदा तरी ह्यांना सांगितलेलं नीट कळलं.

तेवढ्यात फाट्यावरचा पेट्रोल पंप आला. झुंबरनं डावा हात बाहेर काढला, आत वळला आणि एका ट्रॅक्टरच्या मागं रांगेत उभा राहिला.

ट्रॅक्टर पुढं गेला. पंपावरच्या बाईंनी नळी हातात घेतली, मान वर केली आणि विचारलं, "कशात भरू?"

झुंबरनं मोठा आ केला.